शाफानांना धुरी

माझ्या अळवाच्या वाफ्यात तो मधोमध बसला होता आणि माझ्याकडे बघत बघत चावत होता. पळाला असता तर एवढा राग आला नसता. मी कठड्यावरून चप्पल उगारली, तेव्हा वरच्या दगडावर बसलेल्या त्याच्या कुणा नातेवाइकानं शिट्टी मारली. मग हा सावकाश उठला, तोंडातलं पान न सोडता, आणि दगडांच्या फटीत असा शिरला, की जणू मीच त्याच्या घरी न सांगता आले होते.

इथं ह्याला शाफान म्हणतात. लठ्ठ मांजराएवढा, धुळीच्या रंगाचा, शेपूट नावालाही नाही. आमच्या धर्मग्रंथात, तोरेत, ह्याचं नाव आहे. रवंथ करतो पण खूर दुभंगलेला नाही, म्हणून खायला मना. लहानपणी पेझारीला प्रार्थना चालवणारे आमचे हजान ते वाचायचे तेव्हा मला वाटायचं, कोण खायला बसलंय हे, कुणी बघितलंय तरी का. अलिबागच्या बाजूला असलं काही नव्हतं. आम्हा यहुद्यांच्या ह्या देशात आले, ह्या डोंगरावर घर मिळालं, आणि मग बघितलं. खायला मना आहे आणि मारायलाही मना आहे, सरकारचा तसा कायदा आहे. म्हणजे त्यानं माझं अळू खायचं, मिरच्यांची रोपं खायची, कढीपत्त्याची साल सोलायची, आणि मी कठड्यावर उभं राहून बघायचं.

दोष घर बांधणाऱ्याचा. डोंगर फोडला आणि निघालेले धोंडे गाडीत भरून न्यायचे सोडून उतारावर लोटून दिले. आमच्या घराखाली असा ढीग झाला की आत एक गाव वसलं असतं. ते वसलंच.

आमचं घर उतारावर पायऱ्यांसारखं. सगळ्यात वर थोरला शिमशोन आणि त्याची बायको दिना, मधे मी, आणि सगळ्यात खाली, ढिगाला लागून, धाकटा नफ्ताली, त्याची बायको मझाल आणि त्यांची तिर्झा. जिना एकच, माझ्या दारावरून. वरून खाली काही जायचं असेल तर माझ्या डोळ्यांदेखत जायचं. डाळीची वाटी असो, निरोप असो, नाहीतर तक्रार. ह्यांच्या माघारी मी घर असं बांधून ठेवलं होतं. माझे मुलगे चांगले आहेत, म्हणजे बोलत नाहीत. सुनांचं एकमेकींशी फारसं नव्हतं. दिना आपल्यातली, चौलकरांची मुलगी, दवाखान्यात परिचारिका. मझालचे आईबाप मोरोक्कोचे. ती मला मिल्का म्हणून हाक मारते. सासूला नावानं. ह्या देशाच्या भाषेत अहोजाहो नाही, हे मला मान्य आहे, पण आवाजात तरी थोडं आणता येतं.

तर त्या वर्षी आणखी एक मुलगी येऊन बसली, नोगा. विद्यापीठातून आली होती, शाफानांचा अभ्यास करायला. ढीग सगळ्यात चांगला आमच्या गच्चीतून दिसतो म्हणे. सकाळी उन्हं यायच्या आधी दुर्बीण घेऊन यायची, दुपार उतरायला लागली की पुन्हा यायची. मी तिला चहा द्यायची, कारण घरी आलेल्याला दिल्याशिवाय मला चैन पडत नाही, पण मनातून वाटायचं, बाई, बापानं फी भरली ती ह्यासाठी का.

पहिल्याच दिवशी मला म्हणाली, हत्ती हा ह्याचा जवळचा नातेवाईक. मी तिला विचारलं, सकाळपासून काही खाल्लंयस का. पण ती हसून पुढे सांगतच राहिली. ह्यांच्या अंगात ऊब टिकत नाही, म्हणून सकाळी सगळे एकमेकांना चिकटून उन्हाला बसतात. तळपाय ओलसर असतात, म्हणून उभ्या दगडावरून घसरत नाहीत. बायकाबायका एकत्र राहतात, पिल्लं सगळ्यांची मिळून एका जागी झोपतात. वयात आलेल्या नराला बाहेर काढतात. मग तो कुठल्यातरी उंच धोंड्यावर बसून गात सुटतो. ते गाणं मी ऐकलं होतं. मला वाटायचं कुणाचा तरी गळा दाबतायत. आणि सगळे शौचाला एकाच ठरलेल्या जागी जातात, पिढ्यानपिढ्या. ते मात्र मी नातवंडांना ऐकवलं.

एक फाटक्या कानाची होती. वयस्कर, अंगानं मोठी. मी बघायची, कुणी ना कुणी तिला येऊन चिकटलेलंच असायचं. ती उठून दुसऱ्या दगडावर गेली की बाकीचे गोंधळायचे. मी नोगाला म्हटलं, ही बाई घर सांभाळते.

नोगानं कठड्यावरच्या धुळीत बोटानं एक टिंब काढलं, भोवती सहा-सात टिंबं काढली आणि मधल्यापासून सगळ्यांना रेघा ओढल्या. ह्या ढिगातले असे आहेत, म्हणाली. सगळे हिच्याशी जोडलेले, आपापसांत फारसे नाहीत. मग शेजारी दुसरं तसंच काढलं आणि सगळ्यांपासून सगळ्यांना रेघा ओढून त्याची जाळी करून टाकली.

"आमच्या सरांचं म्हणणं आहे, असे राहणारे जास्त जगतात," ती म्हणाली. "अजून मोजतोय आम्ही."

मी ओल्या फडक्यानं कठडा पुसून घेतला. धूळ फार झाली होती.

आता तिर्झाचं सांगते, कारण खरी गोष्ट तिची. सहा वर्षांची होती. थंडीत तिच्या गालावर पुटकुळी आली. आम्हाला वाटलं डास चावला. ती बसेना. मधे खपली, कडा उचललेल्या, बटणासारखी गोल, आणि दुखत मात्र नाही. डॉक्टर म्हणाले, चिलटाएवढी एक माशी असते, ती शाफानाला चावते आणि मग माणसाला. एकाची दुसऱ्याला लागत नाही. बरी होईल, पण वर्षभर लागेल आणि डाग राहील. मुलीच्या गालावर.

मी त्याच दिवशी एलियाहू हन्नबीला, आमच्या प्रेषिताला, बोलले, पोरीचा गाल बरा होऊ दे, मी तुझी मलिदा करीन. आमच्यात नवस असाच बोलतात. फेडायचा तो भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची घालून, भोवती फळं मांडून. मी हे मझालला सांगितलं तर ती म्हणाली, मलम पण लावतेय मी.

आणि हेही सांगून टाकते. मी मझालला म्हटलं होतं की दिना म्हणते, तिर्झाला काही दिवस वर पाठवू नकोस, तिच्या मुलांना लागेल. दिना तसं बोलली नव्हती. पण दोन मुलांची आई आहे ती, मनात आलंच असणार. जे कुणी तोंडानं बोलत नाही ते घरातल्या मोठ्या माणसाला बोलावं लागतं. तिर्झा वर यायची बंद झाली.

मग एक दिवस नफ्ताली माझ्या दारात उभा राहिला आणि भिंतीकडे बघून म्हणाला की ते लोक दक्षिणेला जायचं म्हणतायत, मझालच्या आईकडे, कायमचं. का म्हणून विचारलं तर म्हणाला, मझालला विचार. मझालला विचारलं तर तिनं खिडकीतून ढिगाकडे हात केला. हे असं असताना मुलीला इथं कशी ठेवू, म्हणाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत सामान हलवायचं.

माझ्या पायाखालचा डोंगर सरकला. माणूस गावातून उठून इतका लांब येतो तो मुलंबाळं एका जिन्यावर राहावीत म्हणून. मी नगरपालिकेत गेले. तिथल्या माणसानं चांगलं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ढीग उचलू, पण वसंतात पिल्लं झालीत, ती मोठी होईपर्यंत दगड हलवता येणार नाही. विद्यापीठाचं तसं पत्र आहे. उन्हाळा संपताना यंत्र येईल. मी म्हटलं, तोवर माझी पिल्लं जातील. त्याला कळलं नाही. घरी येऊन नोगाला झापलं तर ती लाल झाली, पण पिल्लांचा हट्ट सोडीना. पिल्लांसकट आईला आत चिणायचं का, म्हणाली.

त्यात भर ती शिट्टी. रोज चार वाजता, मी जेवून आडवी झाले आणि जरा डोळा लागला की ढिगावरचा पहारेकरी किंचाळलाच. नोगानं सांगितलं होतं, गरुड दिसला किंवा कुणी जवळून गेलं की हाका घालतो, मग सगळे आत पळतात. मला वाटायचं, गरुडाला रोज चारलाच कसं सुचतं. उठून बघावं तर गुडघे सरळ व्हायच्या आत सगळं शांत.

पेझारीला आई घुशींच्या बिळांना मिरच्यांची धुरी द्यायची. घमेल्यात निखारे, वर सुक्या मिरच्या, मोहरी, मीठ, आणि वरून ओलं गोणपाट. घुशी डोळे चोळत निघून जायच्या आणि त्या वर्षी परत येत नसत. मारायला मना आहे ना, मी मारत कुठं होते. घर सोडायला सांगत होते, त्यांनी माझ्या नातीला सांगितलं तसं.

नोगा विद्यापीठात गेली होती तो दिवस धरला. दिना रात्रपाळी करून वर झोपलेली, मझालचा दरवाजा बंद, म्हणजे तीही आडवी झाली असणार. मी घमेलं घेऊन मागच्या वाटेनं उतरले, गुडघा धरून, देवाचं नाव घेत. ढिगाच्या मोठ्या फटीपाशी घमेलं ठेवलं, मिरच्या टाकल्या. आपल्याकडच्या, भाच्यानं आणलेल्या, चांगलंच जिवावर आलं होतं टाकायला. पुठ्ठ्यानं वारा घातला.

पेझारी सपाट आहे. इथं तिसऱ्या प्रहरी समुद्राकडून वारा सुटतो आणि डोंगर चढून येतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं असं नाही. हातात पुठ्ठा असला की आठवत नाही. धूर फटीत क्षणभर शिरल्यासारखा झाला, मग फिरला, आणि सगळाच्या सगळा चढून मझालच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गेला.

आत कुणीतरी खोकलं. मग दुसरं कुणीतरी खोकलं. मग तिर्झा. मागचं दार धाडकन उघडलं आणि मझाल बाहेर आली, डोळ्यांतून पाणी, कडेवर पोर. तिच्या मागून ओढणीत तोंड खुपसून दिना. हातात गाझ आणि मलमाची नळी.

मी पुठ्ठा खाली ठेवला.

तिघी खोकत होत्या आणि मीही खोकत होते. पलीकडच्या धोंड्यावर शाफान पिल्लांसकट ओळीनं बसले होते. त्यांना काही झालं नव्हतं. फाटक्या कानाची माझ्याकडे बघून रवंथ करत होती.

"तू इथं काय करतेस?" मी दिनाला विचारलं.

"पट्टी बदलते, आई. रोज बदलते."

"रोज? माझ्या दारावरून तर तू कधी उतरली नाहीस."

दिनानं मागच्या वाटेकडे बघितलं, बागेतून ढिगाला वळसा घालून येते त्या. मी पण बघितलं. आणि मग मला रोज चारची शिट्टी कळली. एवढे दिवस तो मेला पहारेकरी ओरडून ओरडून सांगत होता आणि मी त्याला शिव्या घालत होते.

"मिल्का," मझाल म्हणाली, डोळे पुसत, "तिर्झाला वर पाठवू नको असं दिना कधीच म्हणाली नाही. मी तिला विचारलं."

"विचारलंस? कधी?"

"पुरीमच्या आधी."

पुरीमच्या आधी. पुरीमचा सण झाला, त्यानंतर महिन्यानं पेसाहचा झाला. एवढे दिवस मी गुडघे धरून जिना चढत होते, उतरत होते, हिचं तिला सांगत होते, तिचं हिला. मझाल रागावलीय, जरा समजून घे. दिनाला वाईट वाटलंय, मी सांभाळून घेतलंय. आणि ह्या दोघी आपापल्या दारात उभ्या राहून, हो हो, बरं झालं सांगितलंत, असं गंभीर तोंडानं ऐकत होत्या, आणि चार वाजता खाली बसून चहा पीत होत्या. ओट्यावर दोन कप होते, मला दिसले खिडकीतून.

मी म्हटलं, सासूला वेड्यात काढायचं होतं तर एकदाच सांगून काढायचं, माझे गुडघे तरी वाचले असते.

मझाल हसायला लागली. खोकता खोकता हसली, की हसता हसता खोकली, देव जाणे. दिना हसली नाही. ती आपल्यातली आहे, तिला ठाऊक होतं की हसायची वेळ नाही. ती घमेल्यापाशी आली, ओलं गोणपाट निखाऱ्यांवर नीट दाबलं आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"ती ह्या जनावरांमुळे जात नव्हती, आई. रोज हिचं तिला, तिचं हिला, त्यानं कंटाळली होती. दक्षिणेत कुणी असं करत नाही म्हणते. मी थांबवून धरलंय तिला. सुट्टीपर्यंत बघ म्हटलं, आपण दोघी बोलत राहू, मग ठरव."

"मग? ठरलं काय?" मी मझालला विचारलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. धुरानं बसला होता.

मझालनं पोरीला खाली उतरवलं. "मला दिनाला काही सांगायचं असेल तर मी दिनाला सांगेन," ती म्हणाली. "तिला मला सांगायचं असेल तर ती मला सांगेल. एवढं जमत असेल तर आम्ही राहतो."

घरातल्या धाकट्या सुनेनं मला, माझ्याच बागेत, माझ्याच मिरच्यांच्या धुरात अट घातली. मी घमेलं उचललं. जिन्यानं वर आले, दार लावलं आणि त्या संध्याकाळी कुणासाठी काही शिजवलं नाही. कुणी उपाशी राहिलं नाही. खालून वर काहीतरी गेलं, वास आला मला, माझ्या दारावरूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी नोगा आली तेव्हा अजून मिरच्यांचा वास होता. तिनं विचारलं नाही. मी चहा दिला आणि तिला म्हटलं, दिना चार वाजता मागच्या वाटेनं जायची ते तू बघत होतीस.

"रोज," नोगा म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू मला शाफानांबद्दल विचारत होतीस."

खाली उन्हं धोंड्यांवर आली होती आणि ते एकेक बाहेर पडून एकमेकांना चिकटत होते. दोन तरुण माद्या ढिगाच्या दुसऱ्या टोकाला आपली पिल्लं घेऊन एकत्र बसल्या होत्या. फाटक्या कानाची एकटीच मधल्या दगडावर होती.

मी म्हटलं, समज, बाकीच्यांनी आपापसांत संधान बांधलं. हिला न विचारता. मग हिचं काय होतं?

नोगानं दुर्बीण खाली घेतली. जरा विचार केला. "काही नाही," म्हणाली. "उन्हात बसते. पिल्लं पाठीवर चढतात."

मी कप उचलले आणि आत गेले. चहाला एवढं उत्तर पुरे होतं.

मझाल गेली नाही. उन्हाळा संपताना यंत्र आलं आणि ढीग उचलला. पिल्लं तोवर मोठी झाली होती आणि सगळं गोत शाळेमागच्या ढिगाऱ्यात जाऊन राहिलं. तिथून माझं अळू खायला यावं लागतं त्यांना, लांब पडतं बिचाऱ्यांना. तिर्झाचा गाल पुढच्या थंडीत सुकला. मलिदा मी माझ्या हातानं करणार होते, पण सकाळी उठून बघते तर दोघींनी पोहे भिजवलेले, खोबरं किसलेलं. माझ्या स्वयंपाकघरात, मला न उठवता. पोहे जास्त भिजले होते, गूळ कमी. मझालनं सगळं झाल्यावर बशीत घालून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, कसं झालंय. मी म्हटलं, खातेय ना मी.

आता त्या दोघी सरळ एकमेकींशी भांडतात. जिन्यात उभ्या राहून, एक वरून, एक खालून, आणि मधे माझं दार. मी घर चालवत होते तेव्हा ह्या घरात आवाज कधी चढला नव्हता. भांडून झालं की दोघी बाजारात जातात, एका गाडीतून, आणि मला काय हवं ते विचारायला विसरतात. मग आठवून वाटेतून फोन करतात.

तिर्झा आता अठरा पूर्ण होऊन सैन्यात आहे, इथं मुलींनाही जावं लागतं. परवा रजेवर आली. मी गच्चीत उन्हाला बसले होते. खाली दोघींचं कशावरून तरी जुंपलं होतं आणि मी कान देऊन ऐकत होते, एवढंच आता माझ्या हातात आहे. ती मागून आली, बूट न काढता, दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले आणि सगळं ओझं पाठीवर घातलं. गालावरचा तो गोल डाग माझ्या कानाला लागला, जरा खोलगट आहे अजून. मी म्हटलं, ऊठ गं, हाडं मोडतील माझी.

ती उठली नाही.